दहा बाय दहाच्या खोलीत भजनाचं रेकॉर्डिंग: प्रकल्प नोंदी

३ मे २०२५, शनिवार

काय करायचं ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर मध्येच फाटे फुटतात. मामांनी स्वतः बांधलेलं एक भजन आहे. शब्द त्यांचे, चाल त्यांची, भूप रागाच्या अंगाची. गावच्या भजनी मंडळात ते वर्षानुवर्षं म्हटलं गेलं, पण धड रेकॉर्डिंग कुठेच नाही. कुणाच्या तरी फोनवरची एक क्लिप आहे, तिच्यात टाळांपलीकडे काही ऐकू येत नाही. ते भजन इथे डोंबिवलीच्या घरी, एकेक ट्रॅक वेगळा घेऊन, नीट रेकॉर्ड करायचं. आषाढी ६ जुलैला आहे. तोवर झालं तर उत्तम, नाहीतर कार्तिकी आहेच.

हाताशी आहे ते असं: आठ जीबीचा जुना लॅपटॉप, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), एक कंडेन्सर माइक, एक शुअर एसएम५७ माइक, कान पूर्ण झाकणारे दोन हेडफोन. सॉफ्टवेअर रीपर. ते साठ दिवस मोफत वापरून बघता येतं, पुढे वैयक्तिक परवान्याला ६० डॉलर. मुदत संपल्यावरही ते बंद पडत नाही, फक्त उघडताना आठवण करून देतं. म्हणून फुकट वापरत राहणारे खूप आहेत. मी पैसे भरलेत.

सेटिंग ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने (सॅम्पल), प्रत्येक २४ बिटांत नोंदलेला. बाकी कशासाठी नाही तरी मामांसाठी २४ बिट हवेच. मुखडा ते गुणगुणल्यासारखा उचलतात आणि गजराला पोचेपर्यंत छत हलवतात. २४ बिटमध्ये लेव्हल निवांत खाली ठेवता येते. गजराचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिलं की बस. मुखडा तिथे बारीक दिसतो, पण नंतर उचलला तरी त्याच्यासोबत खरखर वर येत नाही. जागेचं म्हणाल तर मोनो ट्रॅकला मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर जातात. हार्ड डिस्क पुरेल.

४ मे, रविवार

खोली. हॉल रस्त्याकडे, त्यामुळे तो बाद. उरली मागची बेडरूम, दहा बाय दहा. राहायला ठीक, रेकॉर्डिंगला चौरस खोलीइतकी वाईट खोली नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर अंतर असलं की ५६ हर्ट्‌झला आवाज फुगतो, आणि मग ११२ला, असा पटीत. लांबी-रुंदी वेगळी असती तर हे फुगवटे थोडे पांगले असते. इथे दोन्ही जोड्या एकाच जागी फुगतात, आणि पखवाजाची धूम (डाव्या तोंडाचा खालचा आवाज) नेमकी त्याच पट्ट्यात बोलते.

कोपऱ्यात उभं राहून खालच्या सुरात 'हूं' म्हटलं तर खोली अंगावर येते. भिंतीपासून तीनेक फूट आत आलं की पुष्कळ कमी होतं. तिथे जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारून ठेवली, माइक तिथेच.

टाळी वाजवल्यावर मागून येणारा 'टर्रर्र' मात्र गोधड्यांनी गेला. चारही भिंती झाकायची गरज नाही. समोरासमोरच्या जोडीतली एक झाकली तरी आवाज मागे-पुढे उड्या मारायचा थांबतो. दोन गोधड्या, आणि कपाटाची दारं सताड उघडी. आत साड्यांची चळत आहे, तिच्याइतकं चांगलं शोषक बाजारात विकत घ्यायला गेलं तर परवडणार नाही. गोधडीनं खालचा घुमारा जात नाही, हे मात्र ध्यानात ठेवायचं. त्यासाठी पलंगाची गादी कोपऱ्यात उभी केली. थोडा फरक पडला.

लोकल रात्री एकनंतर थांबते आणि चारच्या सुमारास परत सुरू होते. मधल्या तीन तासांत शांतता असेल असं वाटलं होतं, पण मे महिना आहे, कोकिळ साडेतीनलाच तान सुरू करतो. दुपारी दोन ते चार बरं. सोसायटी झोपलेली असते.

१० मे, शनिवार

पट्टी ठरली, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीवर षड्ज धरायचा ते. मामा उमेदीत काळी चारला म्हणायचे. आता काळी एक. पेटी त्यांचीच, गावाहून आणलेली, वाजवणार मी. ट्यूनर लावला तर पेटी सगळीकडे सारखीच चढी, साधारण १२ सेंट. शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे सेंट. पेटी काही उतरवता येत नाही, म्हणून तानपुराच १२ सेंटांनी चढवला. तानपुरा ॲपमधला, केबलनं थेट ट्रॅकवर घेतला. खरा मिरजेचा असता तर बहार होती, पण दोन माइकांत किती जणांची सोय लावणार.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चाल भूपाच्या अंगाची, म्हणजे सगळा भार गंधारावर. तानपुऱ्याच्या खर्जातून (सर्वांत खालच्या षड्जाच्या तारेतून) जो गंधार आपोआप उमटतो तो षड्जाच्या बरोब्बर पाच पटीवर असतो. पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा १४ सेंट चढा, कारण पेटी बारा सारखे तुकडे करून लावलेली असते. आकड्यांत बघायचं तर काळी एकचा खर्ज ६९.३ हर्ट्‌झ, त्याची पाचपट ३४६.५, आणि पेटीवरची ती पट्टी ३४९.२. दोन्ही एकत्र धरले की सेकंदाला पावणेतीन हेलकावे. हेडफोनमध्ये तानपुरा आणि पेटीचा गंधार एवढेच ठेवून ऐकलं. 'वाँव-वाँव' असा हेलकावा सरळ मोजता येतो.

मामांना ऐकवलं. ते म्हणाले, "मग तू गंधार धरून ठेवू नकोस ना. मी थांबलो की तूही थांब, षड्ज-पंचमावर बस." ठरलं. पेटी गंधाराला नुसती शिवून जाईल, त्यावर मुक्काम मामांचाच.

११ मे, रविवार

लेटन्सी, म्हणजे आवाज संगणकातून फिरून येईपर्यंतचा उशीर. बफर (संगणक एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा घेतो तो) २५६ सॅम्पलचा, म्हणजे ४८ किलोहर्ट्‌झला ५.३ मिलिसेकंद, त्यात जाण्या-येण्याचा बाकीचा उशीर. ऐकताना त्रास नको म्हणून इंटरफेसवरचं थेट ऐकण्याचं बटण वापरणार, स्वतःचा आवाज संगणकातून फिरून यायलाच नको. पण आधीच्या ट्रॅकवर नवा ट्रॅक चढवताना तो जागच्या जागी बसतो का, हे बघायला हवं. इंटरफेसचं आउटपुट केबलनं त्याच्याच इनपुटला जोडलं आणि एक 'टक्' वाजवून रेकॉर्ड केला. नवा 'टक्' ७१ सॅम्पल मागे पडला, म्हणजे दीड मिलिसेकंद. रीपरच्या सेटिंगमध्ये तेवढा आकडा टाकला, आता दोन्ही एकावर एक. एका ट्रॅकला दीड मिलिसेकंदानं काही बिघडत नाही, पण टाळांचे थर चढवायचे आहेत. किडुकमिडुक आधीच साफ केलेलं बरं.

१७ मे, शनिवार

आजची नोंद लांबणार.

रीपर उघडलं की समोर पट्टी येते. चार-चारच्या खणांची, वर मिनिटाला १२० ठोके. क्लिक (ठोके मोजणारी टकटक) लावा, तिच्यावर तालवाद्य, त्यावर वाद्यं, शेवटी गायक, हा सगळीकडे शिकवला जाणारा क्रम. बऱ्याच गाण्यांना तो चालतोही. भजनाला चालत नाही, हे मला आधीपासून वाटत होतं, म्हणून मामांना क्लिकवर एक चरण म्हणायला लावलं, फक्त काय होतं ते ऐकायला. चरण असा:

भिजल्या वाटा, भिजली वीणा, पायी फुटली पंढरी

क्लिकवर तो शाळेच्या कवायतीसारखा आला. सुरात, तालात, आणि मेलेला. एरवी मामा 'पायी'वर किंचित रेंगाळतात आणि 'पंढरी'ला समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) झेपावतात. ती झेप क्लिकला चुकलेली वाटते. शिवाय हे भजन एका लयीत राहतच नाही. मुखडा संथ, अंतऱ्यानंतर चढ, गजराला द्रुत. दिंडीत पावली खेळताना जसं होतं तसंच. प्रत्येक टप्प्याला वेगळा वेग लिहून क्लिक तयार करता येते, पण लय कुठे चढवायची हे त्या क्षणी म्हणणारा ठरवतो. ते आदल्या रात्री माउसनं आखून ठेवायचं म्हणजे भजनाच्या आधीच भजन संपवण्यासारखं.

तेव्हा क्रम उलटा. आधी मामा, मग पखवाज. पण त्यातही पेच आहे. मामा पखवाजाशिवाय म्हणतात तेव्हा थोडे मोकाट सुटतात, आणि पखवाजवाला रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या मागे वाजवतो तेव्हा तो घाबरत घाबरत मागे राहतो. भजनात कुणी एक जण पुढे नसतो. कधी बुवा ओढतात, कधी पखवाज ढकलतो. दोन इनपुटांत बसेल असा तोडगा काढला तो हा:

पहिली फेरी, दोघं एकाच वेळी. मामा स्वयंपाकघरात, पखवाज बेडरूममध्ये, प्रत्येकी एक माइक, दोघांच्या कानांत दोघंही. हा कच्चा ट्रॅक, त्यात खरी लय मिळेल. दुसऱ्या फेरीत मामांच्या कच्च्या आवाजावर पखवाज पुन्हा, आता दोन माइकांनी. तिसऱ्या फेरीत त्या पखवाजावर मामांचा पक्का आवाज. म्हणजे एकदा तो त्यांच्या मागे, एकदा हे त्याच्या मागे. पेटी, टाळ, झील (मागून साथ देणाऱ्यांचं म्हणणं) त्यानंतर.

आणखी एक अडचण आज निघाली, ती कुठल्याच शिकवणीत सापडली नसती. मामांच्या हातात टाळ नसला की त्यांना म्हणताच येत नाही. पन्नास वर्षांची सवय, हात रिकामा राहिला की लय हातातून सुटते. टाळ दिला तर तो गळ्याच्या माइकमध्ये सगळ्यांच्या वर वाजतो. मांडीवर हात मारून बघितलं, त्यांना पटेना. शेवटी मामींनी जुन्या शालीचा तुकडा दोन टाळांच्या मध्ये शिवून टाकला. वजन तेच, दोरी तीच, हाताची चाल तीच, आवाज फक्त 'फट्'. मामा खूश. "मुका टाळ," म्हणाले.

२४ मे, शनिवार

पखवाज. पोरगा वीस-बावीसचा, आळंदीला शिकलेला, मामांना 'माउली' म्हणतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पालख्या निघतात, तेव्हा तो वारीत असणार. त्यामुळे त्याचं सगळं काम आता उरकायचं.

आल्या आल्या त्यानं वाटीभर कणीक मागितली. मामींनी पोळ्यांची दिली तर म्हणाला, मीठ-तेल नको, नुसतं पीठ आणि पाणी, जरा सैल. पखवाज आडवा मांडीवर घेतला. डाव्या तोंडावर ओल्या बोटांनी पाणी फिरवलं, गोळा मधोमध थापला, कडा बोटानं पातळ करत आणल्या. एक थाप. मान हलवली. चिमूटभर कणीक काढून परातीत टाकली. पुन्हा थाप. असं करत करत धूम खालच्या षड्जावर नेमकी बसली. कणीक जास्त तर आवाज खाली, कमी तर वर. मग उजवी बाजू: हातोडीनं गट्टे (दोऱ्यांखालचे लाकडी ठोकळे) सरकवले, गजऱ्यावर (तोंडाच्या कडेच्या वेणीवर) चहूबाजूंनी हलके ठोके देत शाईचा सूर काळी एकला आणला. या सगळ्यात अर्धा तास गेला आणि मी माइक चालू ठेवून सगळं घेतलं. गाण्यात लागणार नाही, पण असू दे.

माइक: डावीकडे एसएम५७, दीड वितीवर, तोंडाच्या मध्याकडे नाही तर कडेकडे वळवलेला. उजवीकडे कंडेन्सर, जरा लांब, वरून. दोन्ही माइक समोरासमोर असल्यानं एकाच ठोक्याच्या लाटा एकमेकींना खाण्याची भीती असते. त्यावर उपाय सोपा. एका ट्रॅकची दिशा उलटी करायचं बटण दाबून दोन्ही प्रकारे ऐकायचं, ज्यात धूम भरीव ती ठेवायची. उलटी केल्यावर भरीव आली.

पंखा बंद, घाम निथळतोय. आणि इथे एक गंमत झाली. पंखा बंद असला की कणीक टिकते. मधल्या सुट्टीत पंखा फुल्ल केला आणि परत बसलो तर धूम चढलेली. वाळली. पोरानं बोट ओलं करून फिरवलं, परत थापली. तेव्हापासून नियम केला: सुट्टीत पखवाजावर ओलं फडकं, आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला डाव्या-उजव्याची एकेक सुटी थाप रेकॉर्ड करायची. दोन टेक जोडायचे झाले तर आधी या थापा जुळतात का ते बघायचं.

पहिली फेरी, दोघांची मिळून, अप्रतिम गेली. गजराच्या आधी पोरानं 'तिटकत गदिगन' असा छोटा तुकडा टाकला आणि स्वयंपाकघरातून मामा "हां!" असं ओरडले, ते त्यांच्या माइकमध्ये आहे. दुसऱ्या फेरीतही त्यानं तोच तुकडा तिथेच टाकला. त्याच्या कानात ते "हां!" होतंच.

२६ मे, सोमवार

मुंबईत आज मोसमी पाऊस आला, नोंदी आहेत तेव्हापासून सगळ्यांत लवकर. आमच्या हिशेबाला जूनचा पहिला आठवडा कोरडा होता. बेडरूमच्या खिडकीवर पत्र्याची शेड आहे. बाकी काही लिहीत नाही.

१ जून, रविवार

मामांचा पक्का आवाज. पाऊस थांबून थांबून. थांबला की घ्यायचं, सुरू झाला की चहा. शेडवर जुनं पोतं आणि त्यावर पायपुसणं टाकलं, रिमझिमीपुरतं चालतं.

आधी गूं-गूं असा एक बारीक आवाज छळत होता, पन्नास हर्ट्‌झ आणि त्याच्या पटीत, म्हणजे विजेच्या तारांचा. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर घेतला तर गेला. फिल्टर लावून नंतर काढू म्हणणं सोपं आहे, पण त्याच जागी धूम आणि मामांचा खर्ज आहे. मुळात न आलेला बरा.

'भ' आणि 'फ'. चरण बघा: भिजल्या, भिजली, फुटली. मराठीत हे महाप्राण ठासून म्हणायचे असतात, आणि मामा तर ठासूनच म्हणतात. दरवेळी वाऱ्याचा झोत पडद्यावर आदळून 'भुप्प'. भरतकामाच्या रिंगेत नायलॉनचा मोजा ताणून माइकपुढे लावला, अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं माइक तोंडासमोरून काढून डोळ्यांच्या उंचीवर नेऊन खाली वाकवल्यावर. मामांना सांगितलं, माइककडे नाही, भिंतीवरच्या विठोबाच्या कॅलेंडरकडे बघून म्हणा. झोत माइकच्या खालून जातो, आवाज मात्र पोचतो.

हेडफोन त्यांनी एका कानावरच ठेवला, दुसरा कान मोकळा. सुरासाठी त्यांना स्वतःचा आवाज हवेतून लागतो. मोकळ्या बाजूचं स्पीकर उशीला दाबून बांधलं, नाहीतर पखवाज गळून माइकमध्ये येतो.

शेवटचा अंतरा त्यांना कच्च्या फेरीतलाच आवडला. मलाही. तिथे माइक साधा होता आणि स्वयंपाकघराचा घुमारा आहे, पण जे म्हणणं आहे ते पुन्हा येणार नव्हतं. ठेवला.

२ जून, सोमवार

रात्री पेटी घेतली. मी. चांगली झाली. भात्याचा सुस्कारा आणि पट्ट्यांची खटखट ऐकू येते, म्हणून माइक भात्याच्या बाजूनं हलवून पुढच्या अंगाला, वर दीड फुटावर.

८ जून, रविवार

टाळ. जितका साधा दिसतो तितका माइकला कठीण. आघाताचं टोक एवढं उंच आणि एवढं क्षणिक असतं की मीटर काही दाखवत नाही आणि आवाज फाटलेला असतो. माइक सहा फूट लांब, वाजवणाऱ्याच्या पाठीमागे, लेव्हल आणखी खाली. जवळून घेतलेला टाळ ताटल्यांसारखा लागतो. दुरून घेतला की त्याच्यामागची 'ईंऽऽ' अशी लांबण येते, आणि टाळ म्हणजे खरं तर ती लांबणच.

दिंडी उभी करायची आहे. एक टाळ घेऊन तोच ट्रॅक चार वेळा चिकटवला तर चार टाळ होत नाहीत, एकच टाळ मोठ्यानं वाजतो. दुप्पट केला की सहा डेसिबल वाढतात, एवढंच. थोडा पुढे-मागे सरकवला तर धातूचा पोकळ आवाज येतो, तो त्याहून वाईट. माणसं वेगळी, टाळ वेगळे, जागा वेगळी, तरच गर्दी होते. मामांनी दोन वेगवेगळ्या जोड्यांवर दोन ट्रॅक दिले, भाचीनं एक, मी एक. भाची जरा पुढे पडते, मी जरा मागे. वीस-पंचवीस मिलिसेकंदांचा फरक दिसतो. तो ओढून सरळ करायचा नाही. चारही ट्रॅक एका रेषेत आणून बघितले, ऐकायला यंत्र वाटलं, पूर्ववत केलं.

१५ जून, रविवार

झील. सोसायटीतले दोन काका, मामी, मी. चौघं एका माइकभोवती अर्धगोल. मग जागा बदलून दुसरा थर, मग तिसरा. तिसऱ्याला एका काकांनी वरचा षड्ज लावला, ते ठरलं नव्हतं, पण फार छान. चौघांचे बारा झाले. पाऊस मुसळधार होता आणि झिलीत तो मिसळून गेला, कुणाला कळणारही नाही.

२१ जून, शनिवार

संपादन. इथे काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही याची यादी मोठी झाली.

आधी लयीचा नकाशा काढला. क्लिक नव्हती, त्यामुळे पडद्यावरची खणांची पट्टी आणि गाणं यांचा काही संबंध नव्हता. प्रत्येक समेवर हातानं खूण ठेवत गेलो, रीपर त्यावरून वेग काढतं. म्हणजे पट्टी गाण्याला जुळवली, गाणं पट्टीला नाही. आकडे बघण्यासारखे आहेत. मुखडा मिनिटाला ६६ मात्रांच्या आसपास, दुसऱ्या अंतऱ्याला ९०, गजर १४४ला सुटतो. पण सरळ रेषेत नाही. समेच्या आधीच्या दोन मात्रा किंचित दाबलेल्या, सम आल्यावर किंचित सैल, जवळजवळ प्रत्येक आवर्तनात. पखवाज आणि मामा, दोघांच्याही ट्रॅकवर हेच. ही झेप यंत्रानं 'दुरुस्त' करायची असते असं सॉफ्टवेअरचं म्हणणं, त्यासाठी एक बटणही आहे.

सूर दुरुस्त करायचंही बटण आहे. एका मित्रानं सुचवलं, मामांचा गंधार जरा उतरता वाटतो, ओढून घे. मीटरवर तो खरंच सतत १२ ते १५ सेंट खाली दिसतो. पण मीटर पेटीच्या गंधाराशी तुलना करतो. १० मेच्या नोंदीतला हिशेब परत बघितला: तानपुऱ्यातला गंधार १४ सेंट खालीच आहे. मामा तानपुऱ्याला लागलेत, तेही तेवढ्याच अंतरावर, दर वेळी. बटण दाबलं तर त्यांचा गंधार उचलून पेटीवर नेऊन बसवेल आणि तानपुऱ्याशी हेलकावे सुरू होतील. भारतीय संगीतासाठी हे साधन वापरायचंच असेल तर आधी त्याला स्वरांची जागा स्वतः सांगावी लागते, नाहीतर ते बारा समान तुकड्यांखेरीज काही ओळखत नाही. मी ते प्लगइन (रीपरला जोडायचं साधन) लावलंच नाही.

कापलं ते एवढंच: अंतऱ्यांमधली खोकल्याची जागा, पेटीची एक चुकार पट्टी, मुक्या टाळाचं 'फट्' फक्त मुखड्यात, जिथे ते एकटं ऐकू येत होतं. पखवाज आल्यावर ते त्यात विरघळतं. मामांचं "हां!" ठेवलं. कच्च्या फेरीतलं आहे, पण पक्क्या आवाजाखाली बसतं.

२९ जून, रविवार

मिक्स. मामा मधोमध, पखवाजाची धूमही मधोमध, उजवं तोंड किंचित उजवीकडे. पेटी डावीकडे. टाळ चार कोपऱ्यांत. झील दोन्ही टोकांना.

टाळांतलं ८ किलोहर्ट्‌झच्या वरचं थोडं काढलं, नाहीतर मामांचे 'स' आणि 'श' त्यात बुडतात. धूम ११२ हर्ट्‌झच्या आसपास खोलीमुळे फुगली होती, तिथे अरुंद कात्री लावली. चौरस खोलीची किंमत शेवटी इथे मोजावी लागलीच. पखवाजावर नॉइज गेट (आवाज बारीक झाला की ट्रॅक बंद करणारं साधन) लावू नये. थापेनंतर धूम हळूहळू विरत जाते, ती लांबण गेट अर्ध्यात तोडतो.

मामांच्या आवाजावर कॉम्प्रेसर (चढा आवाज आपोआप दाबणारं साधन) दोन, दोन्ही हलके. एकच जोरात दाबला तर मुखडा आणि गजर सारख्याच उंचीचे होतात, मग लय चढल्याचं कानाला कळलं तरी अंगाला कळत नाही. मुखडा आणि गजर यांच्यात पाच-सहा डेसिबलचा फरक मुद्दाम राखला.

घुमारा दगडी सभामंडपाचा हवा होता. तयार नमुन्यांतला एक दीड-पावणेदोन सेकंदांचा निवडला, आवाजानंतर २५ मिलिसेकंदांनी सुरू होणारा, म्हणजे शब्द आधी पोचतात आणि मंडप मागून येतो. घुमाऱ्यातला खालचा भाग कापला. गावच्या देवळात जाऊन फुगा फोडून तिथलाच घुमारा पकडता येतो, रीपरमध्ये त्यासाठी प्लगइनही आहे. पुढच्या खेपेला गावी गेलो की करणार.

५ जुलै, शनिवार

मामांना ऐकवलं, त्यांच्या फोनवर, कारण ते आणि त्यांचं मंडळ तिथेच ऐकणार. पहिला प्रश्न: "पखवाज कुठे गेला?" उजवं तोंड टकटक करतंय, धूम नाही. फोनच्या स्पीकरला शंभर हर्ट्‌झ वाजवताच येत नाही, वाढवून उपयोग नाही. त्यावर इलाज म्हणजे धुमेवर थोडं सॅच्युरेशन. त्यानं तिच्या दुप्पट-तिप्पट पटीतले सूर तयार होतात, ते फोन वाजवतो, आणि कान खालचा सूर स्वतःच भरून घेतो. वेगळा ट्रॅक करून ते जेमतेम जाणवेल एवढं मिसळलं. आता धूम फोनवर कळते आणि हेडफोनमध्ये बिघडत नाही.

मामांची दुसरी सूचना: टाळ कमी आहेत. मामींची: टाळ जास्त आहेत. जसे होते तसे ठेवले.

शेवटची पातळी उणे १४ एलयूएफएस (गाणं सरासरी किती मोठं ऐकू येतं ते मोजायचं एकक), टोक उणे १ डेसिबल. याहून मोठं केलं तर यूट्यूबसारख्या ठिकाणी ते स्वतःच खाली आणतात, मग मोठं करताना दाबून टाकलेलं काही परत मिळत नाही. दोन फायली: एक पूर्ण वेव्ह, एक व्हॉट्सॲपला पाठवण्याजोगी एमपी३. संध्याकाळी गावच्या मंडळाला गेली.

८ जुलै, मंगळवार

आवराआवर. रीपरची प्रकल्प फाइल म्हणजे नुसता मजकूर असतो, काही केबी. खरा आवाज शेजारच्या फोल्डरमध्ये. तेव्हा फाइल एकटी उचलून ठेवली तर नंतर रिकामे खण उघडतात. सगळं फोल्डर दोन ठिकाणी टाकलं, शिवाय प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेगळी वेव्ह करून. दहा वर्षांनी रीपर असेल-नसेल, वेव्ह उघडेल.

पोरगा वारीहून परतलाय. फोन केला तर गाण्याबद्दल दोन शब्द बोलला आणि म्हणाला, "दादा, पखवाज काढून एक फाइल मिळेल का? रियाजाला." दोन पखवाजाचे आणि सॅच्युरेशनचा असे ट्रॅक बंद करून मिक्स काढला. मामांच्या कच्च्या फेरीतल्या आवाजात पखवाज बारीक झिरपलेला आहे, शेवटच्या अंतऱ्यात ऐकू येतो, तो काही निघत नाही. चालेल म्हणाला.